खिशांतील चाकू व तो बाळगण्याच्या रीती

गेल्या ज्येष्ठांत हवेली तालुक्यांतील एका गांवीं आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराचा ऐन उमेदींतला बैल रात्रीं गोठ्यांत दाव्याचा फास बसून मेला. बैल खांबास आखूड बांधलेला होता. पाय घसरून तो कुशीवर पडला, दावें खांबाच्या खांचेंत अडकलें, आणि जनावर जों जों धडपडे तों तों तें मानेभोंवतीं आवळत गेलें. धनी जागा झाला, बत्ती घेऊन धांवला. परंतु दावें नायलॉनचें, त्याची गांठ ओढीनें दगडासारखी बसलेली. त्याच्या घरीं चार विळे, दोन कोयते व एक कुऱ्हाड आहे. पण हीं सर्व हत्यारें दोनशें पावलांवर वस्तीच्या माळ्यावर होतीं, व अंगावर मात्र बोटभर पातें नव्हतें. कोयता आणीपर्यंत जनावर गतप्राण झालें. दुसरे दिवशीं आम्ही भेटीस गेलों तेव्हां तो गृहस्थ एवढेंच म्हणाला, "तंबाखूची डबी तेवढी कमरेला होती."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. खिशांत चाकू बाळगणें हा विषय मासिकांत लिहिण्याजोगा आहे काय, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या सभासदांपैकीं दहा जणांस आम्हीं मुद्दाम विचारून पाहिलें, तेव्हां सात जणांनीं चाकू "घरीं आहे" असें सांगितलें, दोघांनीं "हरवला" असें सांगितलें, व एकानेंच तो खिशांतून काढून दाखविला. तोही उघडतां उघडेना. सुतळी दांतानें तोडणारे, खताच्या गोणीचें तोंड किल्लीनें फाडणारे, ठिबकच्या नळीचें टोंक दगडावर ठेवून विळ्यानें ठेंचणारे आपल्यांत थोडे नाहींत. तेव्हां चाकू कोणता घ्यावा, तो अंगावर कोठें व कसा ठेवावा, आणि तो ठेवला असतां कोणतीं पथ्यें पाळावीं, याचा विचार येथें करूं.

प्रथम थोडें विषयांतर. मराठींत "कलम" या एकाच शब्दानें लेखणीचाही बोध होतो व आंब्याच्या कलमाचाही. हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला, व "चाकू" हा शब्दही फारसींतलाच. पेशवाईंतील कारकुनाच्या कलमदानांत दौत व बोरू यांजबरोबर बोरू तासण्याचा लहान चाकू असे. बोरूचें टोंक झिजलें कीं तिरपा छेद देऊन तें नवें करावें लागे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे जे रुमालच्या रुमाल आहेत, त्यांच्यामागें हें लहानसें पातें आहे. इंग्रजांचा "पेननाईफ" देखील मुळांत पिसाची लेखणी तासण्यासाठींच होता. बोरूला जो तिरपा, एकाच ओढींत दिलेला साफ छेद लागतो तोच छेद कलम बांधणारा माळी देतो. पुण्यास गणेशखिंडीच्या फळबागेंत डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं निवडलेला पेरू "लखनौ ४९" व पुढें "सरदार" या नांवानें देशभर गेला. तो एका निवडक झाडापासून कलमांच्या द्वारेंच पसरला. तेव्हां चाकूची आणि पुण्याची ओळख आजची नव्हे.

आतां चाकू कोणता, हें थोडक्यांत सांगतों. नित्य जवळ बाळगण्यास मिटणारा, अडीच ते तीन इंच पात्याचा चाकू पुरे. याहून मोठें पातें खिशांत मावत नाहीं, व मावलें तरी त्याचें काम विळा अधिक चांगलें करतो. कळ दाबतांच फटकन् उघडणारा चाकू शेतांत निरुपयोगी व शहरांत संशयास्पद. तो घेऊंच नये. पोलाद दोन तऱ्हेचें मिळतें. साधें कर्बयुक्त पोलाद लवकर धार घेतें, पण पावसाळ्यांत एका रात्रींत गंजतें. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रेअरली यांनीं काढलें. तें घामांत व लिंबाच्या रसांत टिकतें, मात्र त्यास धार लावतांना अधिक वेळ लागतो. ज्यास रोज दगडावर पातें घांसण्याची हौस नाहीं त्यानें दुसरेंच घ्यावें. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत १८९० पासून ओपिनेल नांवाचा लांकडी मुठीचा शेतकरी चाकू होतो. त्याच्या मानेवर १९५५ सालीं एक फिरतें कडें बसविण्यांत आलें, तें फिरविलें म्हणजे पातें काम करतांना मिटत नाहीं. स्विस सैन्याचा बहुपाती चाकू १८९७ चा. त्यांतील बारीक अवजारें सूक्ष्म कामास बरीं, पण चिखलाच्या हातानें उघडूं जातां नखें मोडतात, असा आमचा अनुभव आहे.

पुण्यांत रविवार पेठेंतील बोहरी आळींत लोखंडी सामानाचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथें चाकू घेतांना लकाकी पाहूं नये. तो अर्धा उघडून पातें दोन बोटांत धरावें व आडवें हलवून पाहावें. खिळीपाशीं खडखड वाटली तर परत द्यावा. पुरा उघडतांना शेवटीं "कट्" असा स्पष्ट आवाज यावा. मिटल्यावर उजेडाकडे धरून टोंक मुठीच्या बाहेर राहतें काय तें पाहावें. राहिलें तर तो खिसा फाडील व मग मांडी. आम्ही एकदां शहरांतील एका दुकानांतून लकाकीस भुलून चाकू घेतला. आठ दिवसांत खीळ ढिली झाली, आणि मोसंबीच्या खोडावर सालीखालीं टोंक दाबतांना पातें उलट मिटून आमच्या तर्जनीवर आलें. तीन टांके पडले. दुकानदारानें हात वर केले. पण हलवून न पाहतां पैसे मोजले ते आम्हींच.

आतां मुख्य विषय, म्हणजे बाळगण्याची रीत. जुन्या माणसांची रीत करगोट्याची. चाकूच्या मुठीस भोंक असतें त्यांतून दोरी ओंवून ती करगोट्यास बांधावयाची व चाकू कनवटीस खोंवावयाचा. हींत एक गुण असा आहे कीं तो दुसऱ्या कोणत्याच रीतींत नाहीं: सदरा काढला, अंघोळीस बसलें, रात्रीं निजलें, तरी चाकू अंगावरच असतो. वर सांगितलेला बैल करगोट्याच्या चाकूनें वांचता. दोष असे कीं घामानें पातें गंजतें, वांकून काम करतांना मूठ पोटास रुतते, आणि विजार घालणारास तो चटकन् हातीं लागत नाहीं. धोतर नेसणाऱ्या वडील मंडळींनीं मात्र ही रीत सोडण्याचें कारण नाहीं.

सदऱ्याच्या छातीवरील खिसा हें सर्वांत वाईट ठिकाण. माणूस विहिरीच्या कांठावर वांकला, पंपाच्या फडताळांत डोकावला, कीं चाकू खालीं. आमचे दोन चाकू एकाच विहिरीच्या तळाशीं आहेत. बंडीचा बाजूचा खिसा त्याहून बरा, व आंतला, गुंडीचा खिसा उत्तम. फक्त उन्हाळ्यांत बंडी बांधावर काढून ठेवण्याची संवय असते, व मग चाकू बांधावर आणि आपण बागेच्या दुसऱ्या टोंकास, असें होतें. पानाच्या चंचींत अडकित्त्याशेजारीं चाकू ठेवणारे कांहीं आहेत. तंबाखूचा चुरा व चुना खिळींत बसून तो जाम होतो हें एक. दुसरें असें कीं चंची पाहुण्यांच्या हातोंहात फिरते, व तिजबरोबर चाकूही पाहुणचारास जातो.

विजारीच्या मागील खिशांत चाकू कधींही ठेवूं नये. बसतांना टोंचतो एवढेंच नव्हे. मोटारसायकलीवरून पडण्याचा प्रसंग आला तर कठीण मुठीवर सर्व भार येऊन माकडहाडास किंवा खुब्यास इजा होण्याचा संभव असतो. पुढील खिशाच्या तळाशीं तो आडवा पडला तर वाहनावर बसतांना जांघेंत येतो. हेंही ठीक नव्हे. शिवाय त्याच खिशांत किल्ल्या, सुटे पैसे व फोन असला म्हणजे फोनच्या कांचेवर रेघोट्या उठतात. कित्येक नव्या चाकूंच्या मुठीस पोलादी चाप असतो; त्यानें चाकू खिशाच्या कडेस उभा राहतो. ही युक्ति चांगली, पण चाप खिशाच्या बाहेर चकाकतो व केळीच्या बागेंत, ज्वारीच्या फडांत पानांत अडकून सुटतो.

याहून चांगला उपाय म्हणजे चोरखिसा. विजार शिवतांनाच शिंप्यास सांगून उजव्या बाहेरील शिवणीस लागून, मोठ्या खिशाच्या आंत, दीड इंच रुंद व चार इंच खोल असा जाड कापडाचा कप्पा करून घ्यावा. चाकू त्यांत उभा राहतो, पातें ज्या बाजूस उघडतें ती बाजू शिवणीकडे ठेवली म्हणजे तो चुकून थोडा उघडला तरी हात घालतांना बोट कापत नाहीं. डावखुऱ्या माणसानें डाव्या शिवणीस करावा. आम्ही स्वतः गेलीं सहा वर्षें हीच रीत पाळीत आलों आहों, व विहिरींतील संख्या वाढलेली नाहीं.

पट्ट्यास चामड्याचें म्यान लावून चाकू बाळगण्याची रीत बागाइतदारांत वाढत आहे. दिवसभर कलमें बांधणारास किंवा द्राक्षबागेंत फिरणारास ती सोयीची, कारण हात पुसण्यापूर्वीं चाकू हातीं येतो. म्यान पट्ट्यावर आडवें असावें, म्हणजे बसतां उठतां टोंचत नाहीं. पण चामडें पावसाचें पाणी धरून ठेवतें, व त्यांत रात्रभर राहिलेलें चांगलें पातेंही सकाळीं ठिपकेदार होतें. आषाढ-श्रावणांत रात्रीं चाकू म्यानाबाहेर काढून दोन्ही वेगळे वाळवावे.

दोरीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण येथें जिवाचा प्रश्न आहे. चाकू हरवूं नये म्हणून कांहीं तरुण तो लांब दोरीनें गळ्यांत अडकवितात. ट्रॅक्टरचा फिरता दांडा, मळणी यंत्राचा पट्टा, कडबा कुट्टीचे रूळ यांच्याजवळ गळ्यांत दोरी असलेला माणूस उभा राहणें म्हणजे फास आपल्या हातानें यंत्रास देणें होय. दोरी हवी तर ती मुठीस वीतभर असावी, लाल किंवा केशरी असावी, व मोकळी असावी. रंगाचें कारण असें. हरवलेला चाकू बहुधा वैरणींत हरवतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाचा चाकू कडब्याच्या पेंढींतून कुट्टी यंत्रांत गेला. यंत्राचें पातें तुटून तुकडा गोठ्याच्या भिंतींत रुतला. समोर कोणी नव्हतें, म्हणून ही गोष्ट हंसत सांगतां येते. चाकू नाहींसा झाला असें ध्यानांत आलें कीं त्या दिवशीं कापलेली वैरण चाळून पाहिल्याखेरीज यंत्र सुरू करूं नये.

शेतांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्रांस बहुधा खिसा नसतो, व चाकूची गरज त्यांस पुरुषांहून कमी नसते. द्राक्षाचे घड विरळ करणें, भाजीच्या जुड्या बांधणें, रोपांच्या पिशव्या कापणें हीं कामें त्याच करतात. आणि सुतळी दांतानें तोडतांना तीस लागलेलें औषध पोटांत जातें. कमरेस बांधण्याच्या कापडी बटव्यांत लहान चाकू ठेवण्याची पद्धत कांहीं बागांतून आम्हीं पाहिली. मालकानें चाकू व बटवा दोन्ही द्यावे. तो खर्च एका दिवसाच्या मजुरीहून जास्त नाहीं.

शेतकरी पुण्यास येतो तेव्हां चाकूचें काय करावें, हें अनेकांनीं विचारलें. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ज्या धारदार हत्यारांची गणना शस्त्रांत केली आहे, त्यांत पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेले सुरे येतात. व घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांकरितां बनविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. तीन इंची मिटणारा चाकू या मर्यादेच्या पुष्कळच आंत आहे. परंतु एवढ्यानें निर्धास्त होऊं नये. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्यास आतां महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या ३७ व्या कलमान्वयें पोलीस आयुक्तांस व जिल्हादंडाधिकाऱ्यांस ठराविक दिवसांपुरता मनाई हुकूम काढतां येतो. त्यांत तलवारी, भाले, सोटे, सुरे, लाठ्या व शारीरिक इजा करतां येईल अशी कोणतीही वस्तु बाळगण्यास बंदी असते. पुणें शहरास १९६५ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा अशा दिवसांत येणारानें हुकूम जारी आहे काय हें पाहावें, अथवा चाकू घरीं ठेवावा हेंच सोपें. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत कांद्याची गोणी सोडतांना चाकू हातीं असणें कोणास खटकत नाहीं; तोच चाकू मंडईच्या गर्दींत, भांडणाच्या वेळीं हातीं दिसला तर शेतकी अवजार ही सबब ऐकून घेण्यास कोणी थांबणार नाहीं. न्यायालयांत, मेट्रोच्या स्थानकांत सामानाची तपासणी होते. विमानांत हातच्या सामानांतून चाकू मुळींच नेतां येत नाहीं, तो खालीं जाणाऱ्या पेटींत घालावा लागतो. आमच्या एका सभासदाचा वडिलोपार्जित चाकू लोहगांवच्या विमानतळावर असा सोडून द्यावा लागला, व त्याचें दुःख त्यांस प्रवासाच्या आनंदाहून अधिक झालें.

आतां पथ्यें. चाकू नित्य जवळ असला म्हणजे तोच प्रत्येक कामास निघतो, व येथेंच खरा धोका आहे. सकाळीं त्याच पात्यानें कीटकनाशकाची पुडी फोडावयाची व दुपारीं त्याच पात्यानें पेरू चिरून मुलाच्या हातीं द्यावयाचा, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर दगावले, तेव्हां या औषधांचा उग्रपणा सर्वांस कळला. अंगावर उडणारें औषध व पात्यावरून पोटांत जाणारें औषध एकच. औषधाच्या पुड्यांसाठीं फवारणीच्या सामानांत एक जुनी कातर बांधूनच ठेवावी. खिशांतील चाकूनें त्या कधींही फोडूं नयेत.

दुसरी गोष्ट रोगाची. चाकू हें रोग ओळखण्याचें मोठें साधन आहे. टोमॅटोचें झाड हिरवें असतांच मान टाकूं लागलें, तर बुडाजवळ खोड कापून तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत उभा धरावा. कापलेल्या टोंकांतून दुधासारखे तंतू खालीं उतरूं लागले तर ती जीवाणूंपासून होणारी मर होय. ऊस उभा चिरला असतां आंत लाल रंग, त्यांत मधून मधून पांढरे आडवे पट्टे व आंबूस वास आढळला, तर लाल कुज समजावी. परंतु हें पाहून झाल्यावर तेंच पातें निरोगी झाडास लावणें म्हणजे रोगाचें कलम करणें आहे. डाळिंबाचा तेल्या एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्यांत छाटणीच्या हत्यारांचा हात मोठा असतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणांत बुडविण्याची शिफारस आहे. हें द्रावण पोलाद खातें. काम संपतांच पातें पाण्यानें धुवावें, कोरडें करावें व तेल लावावें. वासराची नाळ कापण्याचा प्रसंग आला तर खिशांतला चाकू तसाच वापरूं नये. तो उकळत्या पाण्यांत घालून घ्यावा व नाळेस टिंक्चर आयोडीन लावावें. स्वतःचें बोट कापलें तर धनुर्वाताची लस केव्हां घेतली होती हें आठवावें. आठवत नसेल तर दवाखान्यांत जावें.

साप चावला असतां त्या जागीं चाकूनें चीर देऊन रक्त काढावें, असें आमच्या लहानपणीं सर्रास सांगत. तें चूक आहे. चीर दिल्यानें विष बाहेर येत नाहीं. कित्येक सापांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें, व ती जखम वाहतच राहते. अशा वेळीं चाकू खिशांतच राहूं द्यावा, दंश झालेला अवयव हालूं देऊं नये व जेथें प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयाकडे विनाविलंब निघावें.

शेवटीं धारेविषयीं. बोथट चाकू धारदार चाकूहून अधिक बोटें कापतो, कारण त्यावर जोर द्यावा लागतो व जोर निसटतो. पुण्याच्या पेठांतून सायकलीवर चाक बसवून धार लावणारे फिरतात. विळी व कातरीसाठीं ते उत्तम. मात्र लहान चाकू त्यांच्याकडे देतांना उभें राहून पाहावें. कोरड्या चाकावर पातें क्षणांत तापतें, व धारेजवळ निळसर झांक आली कीं तेथील पाणी उतरलें असें समजावें. मग ती धार दोन दिवस टिकत नाहीं. पातें मधून मधून पाण्यांत बुडविण्यास सांगावें, ठिणग्यांची हौस असलेल्या कारागिरास तर दोनदां सांगावें. घरीं लावावयाची तर कुरुंदाच्या दगडाची बारीक बाजू पाण्यानें भिजवावी, पाठ दगडापासून दोन पैशांच्या जाडीइतकी उचलावी, व धार पुढें करून दोन्ही बाजूंस सारख्याच ओढी द्याव्या. महिन्यांतून एकदां दहा मिनिटें पुरतात. खिळींत खोबरेल तेल घालूं नये, तें थंडींत थिजतें व पातें उघडतां उघडत नाहीं. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालावे, चाकू पांच-सात वेळां उघडून मिटावा, व वर आलेला काळा मळ फडक्यानें पुसून टाकावा.